मॅनेजरची ओटी

ओव्हरटाइमचे पैसे वाचवण्याचे मार्ग दोन. काम वेळेत उरकेल इतकी माणसे ठेवणे हा पहिला. तो फार खर्चाचा असल्यामुळे त्याचा इथे नोंदीपुरता उल्लेख पुरे. दुसरा मार्ग म्हणजे बढती. ज्या माणसाला कालपर्यंत संध्याकाळी सहानंतरच्या प्रत्येक तासाचे दुप्पट पैसे मोजावे लागत होते, त्यालाच आज सकाळी मॅनेजर म्हटले की ते तास फुकट होतात. खुर्ची तीच, काम तेच, डबाही तोच. बदलते ती टेबलावरची पाटी, आणि पाटीचा खर्च एकदाच येतो.

मराठीत ओटी दोन प्रकारची असते. एक खणानारळाची, दुसरी कारखान्यातली. पहिली सवाष्णीची भरतात, दुसरी वर्करची. मॅनेजरची कोणीच भरत नाही.

कारखान्यातल्या ओटीचा आधार नोव्हेंबर २०२५पर्यंत १९४८चा कारखाने अधिनियम होता. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढे काम घेतले तर नेहमीच्या दराच्या दुप्पट वेतन द्यावे, असे त्याचे कलम ५९ सांगे. हिशेब पाचवीच्या मुलाला जमेल असा आहे. महिन्याचे कामाचे दिवस २६, रोजचे तास ८, पगार २६,००० रुपये. तासाचा दर पडला १२५, दुप्पट केला की २५०. माणूस रोज दोन तास जास्त थांबला तर महिन्याचे ५२ तास आणि १३,००० रुपये होतात. म्हणजे असे दोन जण थांबले की तिसऱ्या माणसाचा अख्खा पगार निघतो. त्याऐवजी दोघांना मॅनेजर केले आणि रात्री साडेनऊला एक मोठा पिझ्झा मागवला तर चार-पाचशे रुपयांत भागते, शिवाय त्याला टीम बिल्डिंग असे वेगळे नाव देता येते. पिझ्झाचे आठ तुकडे सहा जणांत वाटताना जी काटेकोर न्यायबुद्धी दिसते, ती पगारपत्रक करताना दिसली असती तर हा विषयच उरला नसता.

तासांचे भांडण मात्र १९४८पेक्षा बरेच जुने आहे. मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला सूर्याच्या घड्याळावर चालत, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. सूर्य कोणत्याही शेठजींच्या नोकरीत नसल्यामुळे तो वेळेवर घरी जाई आणि त्याच्या मागोमाग कामगारही सुटत. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचा हा एवढा आधारही गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि १८९०च्या १० जूनला रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढची वाटचाल तासातासाने झाली. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला १२ तास ठरवले, १९२२ साली ते ११ झाले, १९३४ साली १०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्या काळात आणलेल्या १९४६च्या दुरुस्तीने आठवड्याच्या ५४ तासांचे ४८ झाले. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार कॅलेंडरमध्ये अजून लाल शाईत छापला जातो. मॅनेजर मंडळी त्या दिवशी सोमवारची तयारी करतात.

आता पळवाटेकडे. १९४८च्या कायद्याच्या कलम ६४ने देखरेखीच्या, व्यवस्थापनाच्या आणि विश्वासाच्या जागांवरील माणसांना तासांच्या नियमातून बाहेर ठेवता येई. मूळ विचार समजण्यासारखा होता. दुसऱ्यांच्या हजेरीचे मस्टर ज्याच्या हातात, त्याच्या हजेरीची उठाठेव कोण करणार? पण याच कलमाला एक परंतुक होते. अशा साहेबाचा पगार वेतन प्रदान अधिनियमातल्या मर्यादेच्या आत असेल तर त्यालाही ओव्हरटाइम द्यावा लागे. ही मर्यादा २०१७पासून महिना २४,००० रुपये होती. म्हणजे २०,००० रुपयांवर शिफ्ट सांभाळणाऱ्या साहेबाचाही दुप्पट दरावर हक्क होता. हे परंतुक फारशा साहेबांच्या वाचनात आले नाही. वाचायला वेळ लागतो, आणि वेळ कुठे गेला ते वर सांगितलेच आहे.

कामगार कोणाला म्हणायचे याची सगळ्यांत गाजलेली व्याख्या औद्योगिक विवाद अधिनियमात होती. १९५६च्या दुरुस्तीनंतर ती अशी झाली की अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम करणारा तो कामगार. देखरेख करणाऱ्याला मात्र पगाराची अट घातली. महिना ५०० रुपयांच्या वर गेला की तो कामगार राहत नसे. ही रक्कम १९८४पासून १,६०० झाली, २०१०पासून १०,०००, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. मॅनेजरला अशी काहीच अट नाही. मुख्यतः व्यवस्थापनाचे काम करणारा माणूस कितीही कमी पगारावर असो, तो कामगार नव्हे. सुपरवायझर गरीब असू शकतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. मॅनेजर गरीब असू शकतो, ही कल्पना १९५६ साली कोणाच्या डोक्यात आली नसावी. त्यातून निघणारा व्यवहारी धडा पगारपत्रके करणाऱ्यांनी चटकन घेतला. माणसाला सुपरवायझर केले तर पगाराच्या मर्यादेकडे लक्ष ठेवावे लागते. थेट मॅनेजर केले की ती कटकट नाही.

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत या व्याख्येला कोणी व्याख्या म्हणत नाही. तिथे दोनच शब्द चालतात, वर्कर आणि स्टाफ. वर्करचा युनिफॉर्म वेगळा, बसमधली जागा वेगळी, काही ठिकाणी कँटीनचे टेबलही वेगळे. वर्करला ओटी असते, स्टाफला नसते. हे वाक्य तिथे पाऊस वरून पडतो म्हणावे इतक्या सहज उच्चारले जाते. ‘स्टाफमध्ये घेतलं’ असा निरोप आला की घरात पेढे येतात, आणि ते वाटले जाण्याच्या आत ओटी बंद झालेली असते. पहिल्या महिन्याची पगाराची स्लिप हातात पडल्यावर नवा साहेब ती दोनदा वाचतो. बेसिक वाढलेले असते, एकूण रक्कम घटलेली असते. ही तूट भरून काढण्यासाठी गेटवरचा वॉचमन आता उठून सलाम करतो.

सलामाला बाजारात किंमत नाही असे मात्र समजू नये. त्याला भाव आहे तो लग्नाच्या बाजारात. ओटी धरून चांगली कमाई घरी नेणारा ऑपरेटर आणि त्याच्यापेक्षा कमी नेणारा असिस्टंट मॅनेजर अशी दोन स्थळे एकाच दिवशी आली, तर मुलीची मावशी कोणाकडे झुकते हे सांगायला संशोधन लागत नाही. बायोडेटात हुद्द्याचा रकाना पगाराच्या वर असतो. लग्नानंतर चार-सहा महिन्यांत मावशीच विचारू लागते, ‘जावईबापू घरी कधी असतात गं?’ तेव्हा ‘त्यांच्यावर फार जबाबदारी आहे’ हे उत्तर तयार असते. जबाबदारी हा शब्द मराठीत न दिलेल्या पैशांसाठी वापरतात.

हुद्द्यांची वाढ हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. एकेकाळी कंपनीत एक मॅनेजर असे आणि त्याच्या केबिनबाहेर माणसे थांबत. आता असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, असोसिएट मॅनेजर, रिलेशनशिप मॅनेजर आणि की अकाउंट मॅनेजर एकाच लांब टेबलावर एकमेकांना कोपर लावून बसतात आणि केबिनबाहेर थांबतात. त्यांना हाताखाली कोण असे विचारले तर प्रामाणिक उत्तर माऊस असे येते. एक्झिक्युटिव्ह या शब्दाची घसरण याहून मोठी. निर्णय घेणारा माणूस अशा अर्थाने तो इंग्रजीतून इकडे आला. आता तो लादी पुसतो, फोन उचलतो आणि कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देतो. ज्यांना पगारही द्यायचा नाही त्यांच्यासाठी पार्टनर असा शब्द निघाला आहे. भागीदारीत नफा-तोटा वाटून घेतात अशी समजूत असलेल्यांना पार्टनर पावसात पार्सल घेऊन येतो तेव्हा नुसता तोटा दिसतो. पण तो पगारदार नसल्यामुळे त्याची हकीकत इथे थांबवावी लागते.

माहिती तंत्रज्ञानात पाटीचीही गरज पडत नाही. हिंजवडीतला माणूस पहिल्या दिवसापासून स्वतःला कामगार समजतच नाही, त्यामुळे त्याला कामगार नसल्याचे पटवून देण्याचा खर्च वाचतो. त्याच्या टाइमशीटमध्ये अनेक ठिकाणी दिवसाचे ८ किंवा ९ तासच भरता येतात. त्याहून मोठा आकडा टाकला की चौकट लाल होते आणि माणूस मुकाट्याने तो कमी करतो. अकरा तास काम करून आठ तास लिहिणाऱ्या माणसाला तिथे प्रामाणिक म्हणतात, कारण यंत्राला दुसरे काही कळवण्याची सोयच नसते. अमेरिकेतल्या ग्राहकाची सकाळ ही पुण्याची संध्याकाळ असते. साडेसातचा कॉल साडेआठला संपतो आणि त्यातून निघालेले काम ‘उद्या फर्स्ट हाफमध्ये’ हवे असते. उद्याचा फर्स्ट हाफ कुठून काढायचा हे सांगायला कोणी लागत नाही. तो रात्रीतून निघतो. मोबदला म्हणून कॉम्प ऑफ जमा होतो. हे सुट्टीचे असे नाणे आहे की जे साठवता येते, मोजता येते, फक्त खर्च करता येत नाही. रिलीज झाल्यावर घ्या असे सांगतात, आणि रिलीज झाल्यावर पुढचे रिलीज असते.

हा शोध भारताने लावला असे म्हणणे मात्र अभिमानाचे होईल. अमेरिकेत १९३८च्या कायद्याने आठवड्याच्या ४० तासांपुढे दीडपट मोबदला ठरवला आणि व्यवस्थापकांना त्यातून वगळले. २००४ साली त्यासाठी आठवड्याला किमान ४५५ डॉलर पगार हवा असे ठरले. तीन अभ्यासकांनी नोकरीच्या लक्षावधी जाहिराती तपासून २०२३ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की पगार या ४५५च्या रेषेवर आला की मॅनेजर हा हुद्दा एकाएकी उगवतो. रेषेच्या खालच्यापेक्षा जवळपास ४८५ टक्क्यांनी जास्त. गालिचे धुणारा तिथे कार्पेट शाम्पू मॅनेजर होतो, आणि समोरच्या टेबलावर बसून आलेल्यागेलेल्याला नमस्कार करणारी मुलगी डायरेक्टर ऑफ फर्स्ट इम्प्रेशन. आपल्याकडे हे काम करणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. तिथे तेवढ्यासाठी डायरेक्टर करावे लागते, यावरून आपली भाषा किती काटकसरी आहे ते दिसते.

जपानने या जमातीला स्वतंत्र नावच दिले आहे. त्याचा अर्थ नावापुरता व्यवस्थापक. जानेवारी २००८मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने मॅकडोनाल्ड्सच्या तिथल्या कंपनीला एका दुकानाच्या मॅनेजरची थकलेली ओव्हरटाइमची रक्कम द्यायला लावली. दंडाची भर धरून ती सुमारे ७५ लाख येन झाली. दुकानाचा मॅनेजर असला तरी कंपनी चालवण्यात त्याचा हात नव्हता, असे न्यायालयाला दिसले. बर्गरवर मात्र होता.

महाराष्ट्रात दुकाने आणि ऑफिसांसाठी २०१७चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. त्यातही मुळात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, पुढे दुप्पट असे होते. आणि गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाच्या जागांवरची माणसे वगळलेली. मात्र या माणसांची यादी आस्थापनेने आपल्या वेबसाइटवर टाकावी, वेबसाइट नसेल तर ठळक जागी लावावी, असे कायदा म्हणतो. गोपनीय काम करणाऱ्यांची यादी सर्वांना दिसेल अशा भिंतीवर चिकटवायची, ही तरतूद कोणाच्या लेखणीतून उतरली ते कळत नाही. पण विनोदी लेखकांनी त्याचे ऋण मानायला हवे. ही यादी पाहायला कोणी गेलेच, तर तिथे बहुधा फायर एक्झिटचा नकाशा आणि गणपतीच्या वर्गणीचा कागद सापडतो. या कायद्याने आणखी एक सुधारणा केली. पूर्वीचा निरीक्षक गेला आणि त्याच्या जागी सुविधाकार आला. आस्थापना माणसाचा हुद्दा वाढवून त्याचा दरारा कमी करतात हे पाहून सरकारनेही तोच प्रयोग स्वतःवर केला असावा.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९वरून १२ तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५वरून १४४ तास करायला मान्यता दिली. कामगार संघटनांनी विरोध केला. मॅनेजरवर्गात खळबळ उडाली नाही. दिवसाला फक्त १२ तास, असे वाचून काहींना आपले काम कमी झाल्यासारखे वाटले.

न्यायालयात गेल्यावर पाटीचा उपयोग संपतो. न्यायाधीश कार्ड बघत नाहीत. माणूस दिवसभर करतो काय, असे विचारतात. मुंबईच्या सिबा गायगी कंपनीत स्टेनोग्राफर आणि हिशेबनीस म्हणून लागून पुढे असिस्टंट झालेल्या एका माणसाला कंपनीने अधिकारी ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्याच्या कामाची उलटतपासणी केली आणि मुख्य काम कारकुनी आहे, वरची दोन-चार कामे जोडल्याने माणूस बदलत नाही, असा निकाल दिला. त्याच्या आदल्या वर्षी डेल्टन केबल कंपनीच्या सिक्युरिटी इन्स्पेक्टरचे प्रकरण आले होते. नावात इन्स्पेक्टर असले तरी त्याला ना कोणाला नेमता येत होते, ना कोणावर कारवाई करता येत होती. तोही कामगार ठरला. दोघांनी दिवसभर केलेले काम फुकट गेले नाही, कोर्टात उपयोगी पडले.

हा न्याय दुसऱ्या बाजूनेही लागतो. करोना साहू या बूट बनवणाऱ्या कंपनीच्या एका दुकानाचा मॅनेजर १९९४ साली असाच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हुद्द्यापेक्षा काम महत्त्वाचे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले आणि त्याचे काम तपासले. तो खरोखरच दुकान चालवत होता. हरला. काम नीट केल्याचा एवढा स्पष्ट पुरावा देऊन खटला हरण्याची उदाहरणे थोडी असतील. त्याआधी १९८८ साली गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेलाही न्यायालयाने सांगितले की शिक्षक हे कामगार नव्हेत, कारण शिकवणे हे कुशल, अकुशल किंवा कारकुनी अशा कुठल्याच कामात बसत नाही. ते उदात्त व्रत आहे. व्रताला ओव्हरटाइम नसतो, उद्यापन असते. जनगणना, मतदार याद्या आणि निवडणुकीच्या ड्युट्या करणारे शिक्षक तेव्हापासून त्या उद्यापनाची वाट पाहत आहेत.

थकलेले पैसे मागायचे तर मुदत पाहावी लागते. जुन्या वेतन प्रदान कायद्यात दावा १२ महिन्यांत करावा लागे, नव्या वेतन संहितेत तीन वर्षे मिळतात. पण खरी अडचण पुराव्याची. वर्करच्या हजेरीचे पंचिंग असते, ओटीची नोंद असते, शिफ्ट इन्चार्जची सही असते. स्टाफला मस्टरची सक्ती नसते आणि नोकरीला लागताना ती मोठी सवलत म्हणून सांगितलेली असते. मग माणूस इतर कागद गोळा करतो. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी गेलेला मेल, कंपनीच्या कॅबची नोंद, लिफ्टमधल्या कॅमेऱ्याची आठवण, आणि ‘कधी येणार?’ असे बायकोचे रोजचे मेसेज. यांतला शेवटचा पुरावा सर्वांत पूर्ण असतो, त्यात एकही दिवस गाळलेला नसतो. फक्त तो वकिलाच्या हाती देण्याआधी त्याला दिलेली उत्तरे खोडावी लागतात, कारण प्रत्येकापुढे ‘निघालोच’ असे लिहिलेले असते.

बहुतेक जण या वाटेला जातच नाहीत. ते नोकरी बदलतात आणि सीनियर मॅनेजर होतात. जाताना एचआरकडून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे माणसाकडे कंपनीचे काही उरलेले नाही याची खात्री. कंपनीकडे माणसाचे काय उरले, असा रकाना त्यात नसतो. लॅपटॉप परत, ओळखपत्र परत, ड्रॉवरची किल्ली परत. मग चार्ज कोणाला दिला ते भरायचे असते. दिलेला नसतो, कारण नवा माणूस यायचा आहे आणि तोवर शेजारचा डेप्युटी मॅनेजर स्वतःचे आवरून रात्री ते बघणार असतो. त्याच्या खालच्या ओळीत हाताखालील कर्मचाऱ्यांची संख्या विचारलेली असते. आठ वर्षे मॅनेजर असलेला माणूस तिथे क्षणभर थांबतो आणि लिहितो, निरंक.